आईच्या माहेरची समुद्रफुलं

रमाकांत खवणेकरांच्या मत्स्यालयात उगवलेली समुद्रफुलं ही त्यांच्या आईच्या माहेरची माणसं होती. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ते कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

मत्स्यालय लहानच होतं, पण खाऱ्या पाण्याचं होतं. नाशिकला कॉलेज रोडवरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर समोर, एका कपाटावर ते ठेवलेलं होतं. गोड्या पाण्याचे मासे कोणीही पाळतं, खाऱ्या पाण्याला ऐपत लागते आणि चिकाटी लागते, असं खवणेकर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. विमा कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी ऋजुता लग्नाची झाली होती, घरी बोलणी करायला माणसं येणार होती, आणि निळ्या दिव्याखाली दोन नारिंगी मासे फिरत असले की घराला वजन येतं असं त्यांना वाटे. पाण्यात ठेवायला म्हणून दुकानातून त्यांनी एक समुद्रातला खडक आणला. त्या खडकाच्या खाचेत करंगळीच्या पेराएवढं एक तपकिरी समुद्रफूल चिकटलेलं होतं. पाणी निवळल्यावर ते उमललं, आपले बारीक हात त्याने चहूकडे पसरले आणि ते म्हणालं, "रमो, माका वळाखलंस मां?"

खवणेकरांनी ओळखलं. ती शेवंतीमामी होती.

त्यांची आई लग्न होऊन वर, जमिनीवर आली होती. तिचे भाऊ खालीच राहिले, देवबागच्या खडपात, भरती-ओहोटीच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात. शेवंतीमामी त्यातल्या थोरल्या भावाची बायको. तो भाऊ एका वादळात खडकासकट गेला. खवणेकरांची आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला बाजारात जाई, तेव्हा लहानग्या रमाकांतला ती मामीपाशी सोडून जाई. ओहोटीच्या डबक्याशी पोर बसे, आणि आई परत येईपर्यंत मामी त्याचं बोट धरून ठेवी. बोटाला नंतर जरा खाज सुटे, तेवढंच. पुढे रमाकांत शिकले, नोकरीला लागले, घाटावर आले. आपलं बोलणं त्यांनी घासून पुसून स्वच्छ केलं. लग्नाच्या वेळी त्यांनी सांगितलं की आमची मालवणकडे आंब्याची बाग होती, आणि आईकडचं आता कोणी उरलेलं नाही.

"मामी, तुम्ही इकडे कशा?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत विचारलं.

"चेडवाचा लगीन ठरता आसा असा कळला. म्हटला, आपल्याकडचा कोणतरी होया," मामी म्हणाली. "दुकानात बसान ऱ्हवलंय. तुज्या घराक जाणारो दगड मेळाक येळ लागलो."

त्यांच्या पत्नी सुलभाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या तेव्हा खवणेकरांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी ओळख करून दिली. सुलभाताई नाशिकच्याच, माणसांत वाढलेल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, प्रवास कसा झाला म्हणून विचारलं, आणि मामींना जेवायला काय चालतं याची चौकशी केली. मामीने सांगितलं की माशांचं उरलंसुरलं पुरे. आत गेल्यावर सुलभाताई नवऱ्याला इतकंच म्हणाल्या, "कोणी उरलं नाही म्हणाला होतात."

"मला तसंच वाटत होतं," खवणेकर म्हणाले.

मामीचा काही त्रास नव्हता. ती आपल्या खाचेत बसे, दिवा लागला की उमले, सुलभाताईंशी दोन शब्द बोले. ऋजुता कॉलेजात शिकवून आली की पर्स खाली ठेवायच्या आधी मामीसमोर बसे आणि तिला खडपातल्या गोष्टी विचारत राही. खवणेकर तेवढ्यात हटकून बातम्या लावत आणि आवाज वाढवत. मामीच्या तोंडून आईच्या पाटीचा विषय कधी निघेल याचा नेम नव्हता.

मग एका रविवारी निफाडकर आले. ऋजुताला त्यांच्या मुलाने, चैतन्यने, पसंत केलं होतं, तिनेही त्याला केलं होतं, आणि आता थोरांनी बसून साखरपुड्याचं ठरवायचं होतं. निफाडकर निवृत्त इंजिनिअर, बोलायला मोकळे. चहा होईपर्यंत ते मत्स्यालयापाशी उभे राहिले. त्यांनीही पूर्वी असंच मत्स्यालय ठेवलं होतं.

"खवणेकर, हे बघितलंत का?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही कीड आहे. एक दिसली की समजायचं, घात झाला. कापली तर दोन होतात, चिरडली तर दहा होतात. साऱ्या पाण्याचा ताबा घेते."

मामी पूर्ण उमललेली होती. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून ती तशीच, हात नीट पसरून बसली होती.

खवणेकरांना तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते फार मोठं नव्हतं. सुलभाताई आत चहा गाळत होत्या. ऋजुता शेजारी उभी होती आणि बापाकडे पाहत होती.

"हो, कीडच आहे," खवणेकर म्हणाले. "खडकाबरोबर आली. काढून टाकणार आहे."

"उशीर करू नका. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये लिंबाचा रस भरायचा आणि थेट तोंडात सोडायचा. मुळासकट जाते."

मामीने हळूहळू आपले हात आत ओढून घेतले आणि ती खाचेत एवढीशी होऊन बसली. ऋजुता आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर खवणेकर मत्स्यालयासमोर घुटमळले. शेवटी मामीच बाहेर आली.

"तू बरोबर बोललस," ती म्हणाली. "चेडवाचा लगीन आसा. अशा येळाक माणूस कायव बोलता. मी मनाक लावन घेवक नाय."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर खवणेकरांना जेवण गेलं असतं.

पुढच्या भेटीत निफाडकर मत्स्यालयाकडे नजर टाकणार, हे नक्की होतं. आपण काढून टाकतो म्हणालो, आणि काहीच काढलं नाही, तर माणूस विचारणार. या विचाराने खवणेकर पोखरून निघाले. अशातच एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांना खडकाच्या मागच्या अंगाला, फिल्टरच्या नळीजवळच्या अंधारात, आणखी एक समुद्रफूल दिसलं. मामीपेक्षा बारीक आणि फिकट. ते कधी पुढे आलं नव्हतं, काही बोललं नव्हतं. खवणेकरांनी ते आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटलं. समुद्रातून आलेलं प्रत्येक फूल काही आपलं नातेवाईक नसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ही खरीखुरी कीड असेल. ही काढली तर निफाडकरांना दिलेला शब्दही खरा होतो आणि मामीलाही धक्का लागत नाही. मामीला विचारता आलं असतं. मामी मिटून झोपली होती, आणि तिला उठवायचं नाही असं खवणेकरांनी ठरवलं, कारण उठवलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं.

त्यांनी लिंबू पिळलं, रस सिरिंजमध्ये ओढला आणि हात पाण्यात घातला. सिरिंज जवळ येताच ते फिकट समुद्रफूल आधी जरा मागे सरलं. मग आपल्याला काहीतरी खायला देताहेत असं वाटून त्याने हात पुढे केले आणि तोंड उघडलं.

काम लगेच झालं. खवणेकरांनी सिरिंज तीनतीनदा धुतली आणि केराच्या डब्यात तळाशी दडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने हाक मारली. "रमो, बुधो दिसणा नाय. तुका दिसलो काय?"

"कोण बुधो?"

"माजो धाकटो दीर. तुजो मामा रे. माज्याच दगडावरसून इलो. मी म्हणा हुतंय, पुढे ये, रमो आपलोच आसा. तर म्हणायचो, आज नको, उद्या. शहरातल्या माणसांफुडे येवक लाजायचो. तुज्या बारशाक तुका पाळण्यात पयलो हात लावलेलो तेनाच."

खवणेकर म्हणाले की मला माहीत नाही. मग त्यांनी डब्यातून माशांचं खाणं काढलं आणि उगाचच पाण्यात टाकलं.

बुधोमामा गेल्याचं मामीला दुपारपर्यंत पाण्यावरूनच कळलं, आणि कोकणात ते संध्याकाळपर्यंत कळलं असावं. कारण पुढल्या सकाळी मत्स्यालय भेटायला आलेल्या माणसांनी भरून गेलं. देवबागची, तारकर्लीची, वेंगुर्ल्याकडची. खडकावर, काचेवर, फिल्टरच्या नळीवर, मिळेल तिथे माणसं बसली होती. ती नळीतून आली की मिठाच्या पिशवीतून, हे कोणी विचारलं नाही. मयताला आलेल्या माणसाला कसा आलास असं विचारत नाहीत. दोन्ही नारिंगी मासे एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले.

खवणेकर ऑफिसला निघाले होते, ते तसेच बूट घालून समोर उभे राहिले. एकेक जण त्यांच्याशी बोलला.

"तुज्याच घरात गेलो. तुका वायट वाटला आसतला," एक म्हातारी म्हणाली.

"बुधोक तुजी लय ओढ हुती," दुसरं कोणी म्हणालं.

सगळ्यांत वडील होते तातूआजोबा. खवणेकरांच्या आईचे ते चुलते. वयोमानाने त्यांचे हात तोकडे झाले होते आणि रंग उडाला होता. ते वरच्या काचेच्या कडेला टेकून बसले होते. "कोणाच्या नशिबाक ह्या येता," ते म्हणाले. "मरतेयेळेक तेका आपल्या माणसाच्या हातचा पाणी मिळाला. नशीबवान तो."

खवणेकरांनी मान खाली घातली. भेटायला आलेल्यांना ते दुःखच वाटलं.

सुलभाताईंनी आपल्या माहेरच्या गुरुजींना फोन लावला आणि सुतकाचं विचारलं. मामाचं नातं म्हटल्यावर दीड दिवसाचं, गुरुजी म्हणाले. पण मयत आपल्या घरात झालं असेल तर तीन दिवसांचं. मयत व्यक्ती पाण्यात राहणारी आहे, असं सुलभाताईंनी संकोचून सांगितलं. गुरुजींनी क्षणभर विचार केला. "पाण्यासाठी वेगळा नियम नाही," ते म्हणाले. "नातं असलं की सुतक असतं. दुसऱ्याने दिलेलं गोडधोड घेऊ नका आणि देवांना शिवू नका." साखरपुडा त्याच आठवड्यात होता, तो पुढे ढकलावा लागला. खवणेकरांनी निफाडकरांना फोन करून घरात मयत झाल्याचं कळवलं. कोण, ते सांगितलं नाही.

पण निफाडकर रीतभात पाळणारे होते. होणाऱ्या व्याह्यांकडे मयत झालं तर भेटायला जायलाच हवं, म्हणून ते संध्याकाळी आले. बूट बाहेर काढून आत आले आणि सोफ्यावर न टेकता खाली सतरंजीवर बसले. हार घातलेला फोटो कुठे दिसतो का ते त्यांनी पाहिलं. तो नव्हता.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"यांचे मामा. बुधाजीमामा," सुलभाताई म्हणाल्या. नवऱ्याने फोनवर सगळं सांगितलं असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी मत्स्यालयाकडे हात केला. "तिथेच असायचे, खडकाच्या मागे. आणि या मामी. गेल्या वेळी तुमची नीट ओळखच झाली नाही."

निफाडकर उठून मत्स्यालयाजवळ गेले. पाण्यातली सगळी माणसं त्यांच्याकडे वळली. निफाडकरांनी मामीकडे पाहिलं, मग खडकाच्या मागे वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"खवणेकर," ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, ते लिंबाचं... ते तुम्ही..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ऋजुता आतल्या दारात उभी होती. खवणेकरांना वाटलं की अजूनही नाही म्हणता येईल. निफाडकर शहाणे गृहस्थ आहेत, ते पुन्हा विचारणार नाहीत. भेटायला आलेली माणसं भोळी आहेत, ती तर आपलं सांत्वन करायला आली आहेत.

"मी मारलंय तेका," ते म्हणाले. "लिंबू पिळलंय."

आपल्या बापाच्या तोंडून ही बोली ऋजुताने पहिल्यांदाच ऐकली.

पाण्यातली माणसं मिटली. आधी वेंगुर्ल्याची, मग काचेवरची, मग तातूआजोबा, आणि सर्वांत शेवटी मामी. ज्या हातांनी मत्स्यालय भरून गेलं होतं ते सगळे आत गेले, आणि खडकावर नुसत्या तपकिरी गाठी राहिल्या.

निफाडकरांनी त्या गाठींना हात जोडले. "मी त्यांना कीड म्हणालो," ते सुलभाताईंना म्हणाले. "मला कल्पना नव्हती. ह्यांना होती, ते निराळं." दारात बूट घालताना ते थांबले. "मुलांच्या लग्नाला माझी ना नाही. पण मुलीकडच्या थोरांचा होकार हवा, आणि थोर मंडळी ही आहेत. ती उघडतील तेव्हा कळवा."

ते गेल्यावर ऋजुता बापासमोर येऊन बसली. "बाबा, आजी मासे विकायची ना?"

"हो."

"मामीआजीने मला कधीच सांगितलंय. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते. मी चैतन्यलाही सांगून टाकलंय. त्याला काही वाटलं नाही." ती उठली. "त्या रविवारी मीही गप्प बसले, हे मात्र मला फार लागलंय."

सुतक फिटलं तरी माणसं मिटलेलीच राहिली. खवणेकरांनी रजा टाकली. ते काचेसमोर बसून राहत, पाणी बदलत, मीठ नीट विरघळलं की नाही ते बोटाने चाखून पाहत. खायला घातलेलं तसंच तळाशी जाई. ते स्वतःही धड जेवत नव्हते. सुलभाताई ताट आणून ठेवत आणि तसंच उचलून नेत. एकदा त्या म्हणाल्या, "मला लग्नातच सांगितलं असतंत तर मी काय नाही म्हणणार होते?" खवणेकरांना या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, आणि ते आधीही माहीत होतं.

शेवटी एका सकाळी तातूआजोबा उघडले. बाकीचेही त्यांच्यामागून अर्धेमुर्धे उघडले. बहुधा आत सगळ्यांचं बोलणं झालं होतं.

"रमो," तातूआजोबा म्हणाले, "मेलेलो माणूस परत येना नाय. दंड घेवन आमी काय करतलो? पण बुधोचो जागो रिकामो रवाक नको. आपल्यात तशी रीत नाय. तू बस थंय."

"कुठे?"

"दगडाच्या मागे. तो बसायचो थंय."

खवणेकर मत्स्यालयात मावत नव्हते, हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. वेंगुर्ल्याची माणसं काही सवलत द्यायला तयार नव्हती. मामी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली की पाण्याच्या आत की बाहेर हा प्रश्न नाही, मागे बसणं महत्त्वाचं. ते तातूआजोबांना पटलं. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढलं, मध्ये एक पाट ठेवला आणि खवणेकर त्या फटीत जाऊन बसले. डोक्याशी फिल्टरची नळी होती. समोर खडकाची काळी पाठ, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यातून दिसणारा हॉल. सोफा वाकडा दिसत होता, पंखा वाकडा दिसत होता, सुलभाताई दारातून आल्या त्याही वाकड्याच आल्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि फटीत जाईल एवढी लहान ताटली शोधायला त्या आत गेल्या.

ऑफिसला जाण्याची मुभा खवणेकरांना होती. आल्यावर मात्र कपडे बदलून ते आपल्या जागेवर बसत. बुधोमामा बोलत नसत, म्हणून तेही फारसं बोलत नसत. कोकणातून उशिरा कळलेली माणसं अजून अधूनमधून भेटायला येत. ती आधी मामीपाशी जात, आणि मग मागे येऊन खवणेकरांना पाहून जात. कोणी काही विचारलं तर ते खरं तेच सांगत. काही ऐकून मिटत आणि काही तशीच उघडी राहत. यातलं काय अधिक सोसत नाही, ते खवणेकरांना ठरवता आलं नाही.

साखरपुडा घरीच झाला. मामीच्या खाचेसमोर सुलभाताईंनी छोटी रांगोळी काढली होती. निफाडकरांनी सर्वांच्या देखत मामीची क्षमा मागितली, आणि मामीने त्यांना मुलाच्या पगाराविषयी चार नेमके प्रश्न विचारले. तातूआजोबांनी होकार दिला. ऋजुता आणि चैतन्य मत्स्यालयाला नमस्कार करून उठली, तेव्हा पाण्यातले सगळे हात वर झाले होते. ऋजुता तिथून वळताना अडखळली. कपाटाला वळसा घालून ती फटीपाशी वाकली, आणि तिने तिथेही नमस्कार केला. खवणेकरांना तिचा फक्त भांग दिसला. त्यांनी हात पुढे केला, पण तोवर तिला फोटोसाठी हाक आली होती.

पेढे फिरले. चैतन्यची आत्या संगमनेरहून आली होती आणि तिला या घरातलं अजून कोणी नीट माहीत नव्हतं. ती मामीशी बोलत बसली होती. बोलता बोलता तिला काचेतून, खडकाच्या पलीकडे, कोणीतरी बसलेलं दिसलं.

"तिकडे मागे कोण आहेत हो?" तिने विचारलं.

खवणेकरांनी मान खाली घातली. मामीने वळून पाहिलं नाही.

"घरातलोच आसा," ती म्हणाली.

आत्याने मान डोलावली, आणि पेढ्यांचं तबक कपाटाला वळसा घालून मागे सरकवलं.